पगार आहे, मान कुठे आहे?

गोरखपूर म्हटले की रेल्वेवाल्याच्या डोळ्यांपुढे उत्तर प्रदेशातले गोरखपूर उभे राहते. पूर्वोत्तर रेल्वेचे मुख्यालय आणि चालता चालता पाय दुखवणारा तो लांबच लांब फलाट! आज आम्ही लिहीत आहोत ते दुसऱ्या गोरखपूरबद्दल. जबलपूर शहरात या नावाची एक वस्ती आहे आणि तिला लागूनच हाऊबाग नावाचे लहानसे स्टेशन होते. गोंदियाहून बालाघाट, नैनपूर करीत सातपुड्याच्या जंगलातून येणारी अडीच फुटी नॅरोगेज गाडी तिथे येत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी बंगाल नागपूर रेल्वेने बांधलेला हा मार्ग पुढे दक्षिण पूर्व रेल्वेकडे आणि २००३ पासून दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागाकडे आला. जबलपूर १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होते. त्यामुळे गोंदिया, भंडारा, नागपूरकडची मराठी माणसे या मार्गावर आली, तिथेच त्यांचे संसार झाले, मुले हिंदी शाळांत शिकली आणि घरात मराठी टिकली.

२०१५ मध्ये जबलपूर–नैनपूर नॅरोगेज बंद झाली. पुढे ब्रॉडगेज थेट गोंदियापर्यंत गेली. हे व्हायलाच हवे होते; त्या भागातल्या जनतेची ती जुनी मागणी होती आणि गेज बदलाला आमचा कधीही विरोध नव्हता. गेज बदलले की रेल्वे आपल्या माणसांना घरी बसवीत नाही. दुसरीकडे सामावून घेते. पगार चालू राहतो, पास मिळतो. हिशेबाच्या कागदावर कोणाचे काही गेले नाही.

मग गेले ते काय? आजचा अग्रलेख त्याविषयी आहे.

ज्या माणसाने पंचवीस वर्षे एका प्रकारच्या इंजिनावर काम केले, ज्याला त्या मार्गावरचे प्रत्येक वळण, प्रत्येक चढ ठाऊक होता, ज्याला नवखी पोरे येऊन विचारत होती, तोच माणूस एका कागदाने 'सरप्लस' होतो. नव्या डेपोत तो जातो तेव्हा त्याच्या हाताखाली शोभले असते असे पोरगे त्याला शिकवू लागते. शिकवण्यात वाईट काही नाही, परंतु ते कोणत्या स्वरात शिकवले जाते यावर पुढचे सगळे अवलंबून असते. 'तुम्ही जुने लोक, तुम्हांला काय कळणार?' हे एक वाक्य महिनाभर रोज ऐकले की माणसाला ते खरे वाटू लागते. वाफेच्या इंजिनांच्या शेडमधल्या बॉयलरमेकरांनी आणि फायरमननी हे भोगले. तारयंत्राच्या 'कट्ट-कड'वर हयात घालवलेल्यांनी हे भोगले. २०१३ च्या जुलैत तार कायमची बंद झाली, त्याच्या कितीतरी आधीच तारवाल्याची पत उतरलेली होती. आर.एम.एस.च्या सॉर्टरला देशभरातल्या पोस्टांची नावे आणि त्यांच्या वाटा तोंडपाठ असत. यंत्र आले, पिनकोड वाचू लागले आणि ती विद्या कोणी विचारीनासे झाले.

यंत्राशी आमचे भांडण नाही. माणूस यंत्राने नव्हे, माणसाच्या वागणुकीने लहान होतो. कौशल्य निकामी झाले म्हणून माणूस निकामी झाला, हा जो हिशेब प्रशासन मांडते आणि जो हळूहळू आपणही मान्य करतो, त्याच्याशी आमचे भांडण आहे.

मान जातो म्हणजे काय होते

आत्मसन्मान हा शब्द अलीकडे व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांनी इतका वापरला आहे की त्याची धार गेली आहे. आरशात पाहून 'मी श्रेष्ठ आहे' असे दहा वेळा म्हणावे, अशी ती विद्या. आमच्या मते आत्मसन्मान ही गोष्ट फार साधी आहे. 'मी जे करतो त्याला किंमत आहे, मी बोललो तर ऐकले जाईल आणि माझ्यावर अन्याय झाला तर मला दाद मागता येईल' हा विश्वास म्हणजे आत्मसन्मान. हा विश्वास कोणी आईच्या पोटातून घेऊन येत नाही. तो रोजच्या वागणुकीतून बनतो आणि रोजच्या वागणुकीतूनच झिजतो.

झिजण्याची रीत आपल्या सगळ्यांच्या परिचयाची आहे. केस पांढरे झालेल्या मेटला अरे-तुरे करणे. रजेचा अर्ज टेबलावर पडलेला असताना माणसाला चेंबरबाहेर दोन तास उभे ठेवणे. चूक शाबीत होण्याआधीच चारचौघांत 'तुझी लायकी काय?' विचारणे. टपाल खात्यात आता बचत खात्यांचे आणि विम्याचे टार्गेट असते. ते न गाठणाऱ्यांची नावे मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना दिसतील अशी टाकणे. अनुकंपा तत्त्वावर लागलेल्या विधवा भगिनीला 'तुम्ही काय, दयेवर लागलेल्या' असे ऐकवणे. वास्तविक तिच्या नवऱ्याने खात्याची सेवा करता करता प्राण सोडलेला असतो आणि ती स्वतः इतरांइतकेच काम करीत असते. पण 'अनुकंपा' हा शब्द तिच्या सर्व्हिस बुकात एकदा लिहिला जातो आणि सहकाऱ्यांच्या तोंडी जन्मभर राहतो.

यातले एकही कृत्य असे नाही की ज्यावर लगेच संप पुकारावा. म्हणूनच ते धोक्याचे आहे. मोठा घाव दिसतो, त्यावर मलमपट्टी होते. हे रोजचे ओरखडे कोणी मोजत नाही.

परिणाम मात्र दिसतात. असा माणूस प्रथम मागणे सोडतो. ओव्हरटाइम राहिला, प्रवासभत्ता राहिला, बढतीच्या यादीत नाव मागे गेले, तरी 'जाऊ द्या, आपले कोण ऐकणार?' म्हणतो. मग तो मिसळणे सोडतो. मीटिंगला येत नाही, लग्नकार्याला जात नाही. गेलाच तर आपण लहान दिसू नये म्हणून कर्ज काढून मोठा आहेर करतो आणि पुढची तीन वर्षे पतपेढीचे हप्ते भरतो. ऑफिसात खाल मानेने ऐकलेले सगळे घरी आल्यावर बायकोवर आणि मुलांवर निघते. काहींचा पाय संध्याकाळी गुत्त्याकडे वळतो. दारू वाईट हे त्याला सांगायला शंभर जण येतात. दिवसभर त्याला काय ऐकावे लागते, हे विचारायला एकही येत नाही. आणि ज्या मुलाने बापाला रोज खाल मानेने घरी येताना पाहिले, तो मुलगा शाळेत हात वर करायला कचरतो. ही उतरंड एका पिढीत थांबत नाही.

यावर परदेशात झालेला एक अभ्यास फार प्रसिद्ध आहे. ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचे गिरणीचे गाव होते. जागतिक मंदीत तिथली गिरणी बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोदा, पाउल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी गावाची पाहणी करून १९३३ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना आढळले ते असे : हाती वेळच वेळ असूनही लोकांनी वाचनालयातून पुस्तके नेणे कमी केले होते. पुरुष रस्त्याने पूर्वीपेक्षा हळू चालत, पुन्हा पुन्हा थांबत. घरकाम बायकांच्या मागे होतेच, म्हणून त्यांची चाल त्या मानाने टिकून होती. बेकारीने माणूस चवताळून उठेल असे पुष्कळांना वाटत होते. प्रत्यक्षात बहुतेक जण थिजून गेले. १९८२ च्या गिरणी संपानंतर लालबाग-परळच्या चाळींत ज्यांनी दिवस काढले, त्यांना मारिएनथाल समजावून सांगण्याची गरज नाही.

आमचा मुद्दा इतकाच की हे थिजणे केवळ बेकारीने येत नाही. नोकरी शाबूत असताना, पगार पहिल्या तारखेला जमा होत असतानाही ते येऊ शकते.

हा सुरक्षेचाही प्रश्न आहे

कोणी म्हणेल की हा मनाचा विषय झाला, युनियनच्या पत्रात त्याचे काय काम? त्यांना आम्ही एकच प्रश्न विचारतो. पहाटे बीटवर निघालेल्या कीमनला रुळात खोट दिसली आणि गाडी येण्याची वेळ झाली. गाडी थांबवणे हे त्याचे कर्तव्य आहे. सुरक्षेला बाधा आणणारी गोष्ट तत्काळ कळवण्याची जबाबदारी जनरल रूल्सनी प्रत्येक रेल्वे सेवकावर टाकली आहे. पण याच माणसाला गेल्या वेळी 'विनाकारण गाडी थांबवलीस, डिटेन्शनला जबाबदार कोण?' म्हणून सर्वांसमोर झाडले असेल तर? क्षणभर त्याचा हात थबकेल. त्या एका क्षणावर हजार प्रवाशांचे प्राण टांगलेले असतात. ज्याला स्वतःच्या शब्दाची किंमत वाटत नाही तो धोक्याची सूचना देत नाही. 'साहेब, हे चालणार नाही' असे म्हणण्याची छाती पगाराने येत नाही, मानाने येते.

टपालातही तेच. खेड्यातल्या म्हातारीची बचत ज्याच्या हातून जाते त्या डाकसेवकाला टार्गेटखाली इतके दाबले की तो समोरच्याला नको ती पॉलिसी गळ्यात बांधेल, आणि मग विश्वास जाईल तो संपूर्ण खात्याचा.

नावातच बाहेर

डाकसेवकाचा विषय निघाला आहे तर त्याचे नाव पाहा. कित्येक दशके त्याला 'एक्स्ट्रा डिपार्टमेंटल' म्हटले गेले, म्हणजे खात्याबाहेरचा. खात्याची पिशवी वाहायची, खात्याचा शिक्का मारायचा आणि आपण खात्याबाहेरचे! १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने राजम्मा खटल्यात निकाल दिला की हे लोक शासनाखालील नागरी पदच धारण करतात, त्यांना नियमाबाहेर जाऊन काढून टाकता येणार नाही. तरीही नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा मिळाला नाही. २००१ च्या नियमांनी 'ग्रामीण डाक सेवक' हे नाव दिले. मोबदल्याला मात्र आजही वेतन म्हणत नाहीत, भत्ता म्हणतात. कमलेशचंद्र समितीचा अहवाल २०१६ मध्ये आला, आणि तो अमलात यावा म्हणून या लोकांना २०१८ च्या मे-जूनमध्ये सोळा दिवस संपावर बसावे लागले. त्या संपात पैशाची मागणी होती हे खरेच. पण तालुक्याच्या गावी पोस्टासमोर मांडव घालून बसलेला डाकसेवक आणखी एक गोष्ट सांगत होता : आम्ही आहोत, आम्हांला मोजा.

कामगारच जेव्हा कामगाराचा मान घेतो

येथवर वाचून मान डोलावणाऱ्या बंधूंना आता थोडे कडू सांगायचे आहे. मान काढून घेणारा नेहमी वरचाच असतो असे नाही.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असे त्यांनी तिथे सांगितले, हे पुष्कळांना ठाऊक आहे. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेचे जे दाखले दिले ते फारसे कोणी सांगत नाही. दलित कामगाराला जन्मभर गँगमनच ठेवले जाते, असे त्यांनी दाखवून दिले. त्याला पोर्टरसुद्धा करीत नसत. कारण काय, तर पोर्टरला स्टेशन मास्तराच्या घरचेही काम करावे लागे, आणि तिथे विटाळ आडवा येई! कापड गिरण्यांत विणकाम खात्याचे दार असेच बंद होते. आणि हे भेद दूर करण्यासाठी कामगार संघटना काय करतात, असा त्यांचा रोखठोक सवाल होता.

तो सवाल आज जुना झाला काय? आज कायद्याने दारे उघडली आहेत. परंतु स्टेशनात झाडलोट करणारा, डब्यांची सफाई करणारा, पार्सल चढवणारा कंत्राटी कामगार पाहा. त्याला गणवेश ठेकेदाराचा, ओळखपत्र असले तर असले, आणि हाक? 'ए झाडूवाल्या.' त्याचे नाव आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? आपल्या डब्याच्या वेळी तो कुठे बसतो? ज्या पाण्याच्या मटक्यातून आपण पितो त्यातून तो पितो काय? गँगमध्ये आता भगिनीही काम करतात. त्यांना कपडे बदलायला आडोसा नाही ही गोष्ट शाखेच्या किती सभांत चर्चेला येते? साहेबाने आपल्याला अरे म्हटले की आपला संताप होतो, आणि तोच 'अरे' आपण एक पायरी खाली सरकवतो. मान ही अशी वस्तू नाही की दुसऱ्याची काढून घेतली तर आपली वाढेल. खालच्याची घेतली की वरच्याला आपली घेण्याचा परवाना मिळतो.

परत कसा मिळतो

गेलेला मान परत मिळतो, आणि तो कसा मिळतो हे आपल्याच इतिहासात लिहिलेले आहे. १९७४ चा संप आठवा. ८ मे ते २७ मे, सुमारे सतरा लाख रेल्वे कामगार. हजारो जण तुरुंगात गेले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, कॉलन्यांमधून कुटुंबांना बाहेर काढण्यात आले. जे कामावर गेले त्यांना बक्षिसी मिळाली. संप मागे घ्यावा लागला. हिशेबी भाषेत तो हरला. पण त्या काळी बडतर्फ झालेल्या आणि १९७७ नंतर कामावर परतलेल्या जुन्या मंडळींच्या तोंडून त्या दिवसांची हकिकत ज्यांनी ऐकली आहे, त्यांना एक गोष्ट जाणवल्यावाचून राहिली नसेल. त्यांच्या बोलण्यात हालअपेष्टा होत्या, कर्जे होती, मुलांची सुटलेली शाळा होती. लाज मात्र नव्हती. भाकरी गेली होती, मान गेली नव्हती, कारण ते एकटे नव्हते. शेजारी डाळ-तांदूळ देत होता आणि कोणीही 'तुझी लायकी काय?' असे विचारीत नव्हते.

म्हणजे उपाय आरशापुढे नाही, शेजारच्या माणसाजवळ आहे. महाराष्ट्रातले पहिले कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी स्वतः रेल्वे आणि टपाल या दोन्ही खात्यांत काही काळ नोकरी केली होती. त्यांनी गिरणी कामगारांसाठी आठवड्याच्या सुटीचा लढा दिला आणि १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली. तो एक दिवस कामगाराचा स्वतःचा झाला. गिरणीच्या भोंग्याने ज्याचे आयुष्य मोजले जात होते, त्याला आपल्या कुटुंबात, आपल्या समाजात माणूस म्हणून उभे राहायला तो दिवस मिळाला. मागणी सुटीची होती, मिळकत मानाची होती.

म्हणून आमच्या शाखांपुढे आणि प्रत्येक सभासदापुढे आम्ही काही साधी कामे ठेवीत आहोत. यांतल्या एकालाही वरच्या मंजुरीची गरज नाही.

चौकशीला किंवा साहेबासमोर कोणाही सभासदाला एकटे जाऊ देऊ नका. शिस्त व अपील नियमांत चौकशीच्या वेळी सहायक घेण्याचा हक्क रेल्वेवाल्याला आहे आणि टपालवाल्यालाही आहे. आरोप खरा की खोटा हे नंतर ठरेल. त्या खोलीत तो एकटा नाही, हे आधी ठरू द्या.

काम बंद पडल्यामुळे जो दुसरीकडून आपल्या डेपोत, आपल्या ऑफिसात आला आहे, त्याच्या ज्येष्ठतेचा आणि प्रशिक्षणाचा प्रश्न शाखेने स्वतःहून हाती घ्यावा. त्याने अर्ज करण्याची वाट पाहू नये, कारण अर्ज करण्याचे बळच त्याच्यात उरलेले नसते. आणि पहिल्याच दिवशी कोणीतरी त्याला विचारावे, 'दादा, तुमच्याकडे हे काम कसे करीत होतात?' या एका प्रश्नाने जे काम होते ते दहा परिपत्रकांनी होत नाही.

अनुकंपेवर लागलेल्या भगिनींना 'दयेवर' म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा, मग तो आपलाच पदाधिकारी का असेना.

कंत्राटी कामगाराला नावाने हाक मारा. त्याला किमान वेतन मिळते का, त्याच्या भविष्यनिर्वाह निधीचे पैसे भरले जातात का, हे शाखेने विचारावे. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी कायद्याने मुख्य मालकावर टाकली आहे, हे त्याला सांगा. तो आपला सभासद होऊ शकतो की नाही हा वाद पुढे घालू. त्याच्या बाजूला बसून डबा खायला कोणत्याही घटनेची दुरुस्ती लागत नाही.

आणि जो मीटिंगला यायचा बंद झाला आहे त्याच्या घरी जा. वर्गणी मागायला नव्हे, विचारपूस करायला.

हाऊबागला आता नॅरोगेजची शिटी ऐकू येणार नाही. ती गाडी गेली हे योग्यच झाले. गाड्या जुन्या होतात, बदलाव्या लागतात. माणूस बदलीवर जातो, तेव्हा त्याची पत सामानाबरोबर बांधून देण्याची व्यवस्था प्रशासनाजवळ नाही. ती व्यवस्था म्हणजे आपण. वेतनवाढीच्या, पेन्शनच्या, रिक्त जागांच्या मागण्या आपण पुढच्याही अंकात तितक्याच जोराने मांडणार आहोत. पण ज्याची मान वर आहे त्याच्याच तोंडी मागणी शोभते आणि त्याच्याच हाती ती टिकते, हे विसरून चालणार नाही.